सांगितलेला दोष

एखाद्या वस्तूत दोष नेमका कुठे आहे, तो उफाळला तर काय होतं आणि केवढ्या खर्चात पाडतो, हे सगळं आधी माहीत असताना ती वस्तू केवळ हौसेखातर घ्यावी का? न कळून फसलेल्या माणसाबद्दल लोक हळहळतात. जाणूनबुजून घेणाऱ्याबद्दल कुणी हळहळत नाही, त्याला म्हणतात, माहीत होतं ना, मग भोग आता. मला मात्र या जाणूनबुजून घेण्यातच धर्माचा प्रश्न दिसतो, आणि गेले कित्येक महिने तो माझ्या मनातून जात नाही.

निमित्त एका गाडीचं आहे. 2002 सालची पोर्शे बॉक्स्टर, 2.7 लिटरच्या इंजिनची, दोनच माणसांची, टप मागे सरकवून उघडी करता येणारी. मी शेफिल्डला राहते आणि भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्या कामाचे दिवस बिनखिडकीच्या खोल्यांत जातात. शेफिल्डहून पश्चिमेला निघालं की लेडीबोवर जलाशय ओलांडून स्नेक पास नावाचा रस्ता डोंगरमाथ्यावरून ग्लॉसॉपला उतरतो. ऑगस्टमध्ये दोन्ही अंगांना हेदर जांभळं होतं आणि पावसाची सर येऊन गेली की ओल्या गवताचा वास रस्त्यावर उतरतो. त्या रस्त्याने डोक्यावर आभाळ घेऊन जावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा. ही इच्छाच आहे, तिला मी दुसरं कुठलं नाव देणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे कंपनी डबघाईला आली होती. 1993 मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात तिने या गाडीचा नमुना ठेवला, 1996 मध्ये गाडी बाजारात आली आणि कंपनी सावरायला तिचा मोठा हातभार लागला. मागणी एवढी की जर्मनीतल्या कारखान्याच्या जोडीला फिनलंडमध्येही ती बनू लागली. इंजिन सीटच्या पाठीमागे, आडवं पसरलेलं, सहा सिलिंडरचं. तिची खोड याच इंजिनात आहे. क्रँकशाफ्टचं फिरणं कॅमशाफ्टपर्यंत पोचवायला मध्ये एक दांडा आहे, त्याला इंटरमीडिएट शाफ्ट म्हणतात. त्याचं क्लचकडचं टोक एका बंदिस्त बेअरिंगवर टेकलेलं असतं. बेअरिंगमध्ये ग्रीस भरून त्याला सील लावलेलं. वर्षानुवर्षं इंजिनचं गरम तेल त्या सीलच्या कडेने आत झिरपतं, ग्रीस धुऊन नेतं आणि आत गेलेलं तेल तिथेच अडकून खराब होतं. छर्रे झिजतात. दांडा डगमगू लागला की चेन उडी मारते, वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काही क्षणांत इंजिन भंगारात जमा होतं. आधी आवाज येईल, काही इशारा मिळेल, याची खात्री नाही. आणि इंजिनचं काम निघालं तर तो खर्च इतक्या जुन्या गाडीच्या किमतीच्या वर जातो.

सुरुवातीच्या गाड्यांमध्ये त्या बेअरिंगला छर्ऱ्यांच्या दोन रांगा होत्या. 2000 च्या सुमारास एकेरी रांगेचं बेअरिंग आलं आणि दुखणं वाढलं. अमेरिकेत यावरून गाडीमालकांनी सामूहिक दावा लावला आणि 2013 मध्ये तो समेटाने मिटला. 2001 ते 2005 या काळात बनलेल्या बऱ्याच गाड्या त्यात होत्या. एकेरी रांगेच्या बेअरिंगच्या बिघाडासाठी आठ टक्क्यांच्या आसपासचा आकडा सगळीकडे सांगितला जातो, दुहेरीसाठी एक टक्क्याच्या आतबाहेरचा. 2009 च्या मॉडेलपासून कंपनीने हा दांडाच काढून टाकला. मी बघत होते ती गाडी एकेरी रांगेची.

आकडे हे माझं रोजचं काम आहे. शस्त्रक्रियेच्या आधी मी रुग्णाच्या खाटेशी बसते आणि काय काय होऊ शकतं ते सांगते. भूल दिलेली असताना मध्येच जाग येईल, ही धास्ती पुष्कळांना असते. 2014 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी या विषयावर देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. अशी जाग आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण तीत 19,000 मागे साधारण एक असं निघालं. आकडा ऐकला की बहुतेक जण मान डोलावतात. एखादा विचारतो, “आणि तो एक मीच असलो तर?” मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण त्या माणसाने आकड्याचा खरा स्वभाव ओळखलेला असतो. 19,000 मागे एक हे प्रमाण जमावाचं आहे. खाटेवरच्या माणसाला जाग येईल किंवा येणार नाही. त्या बेअरिंगचंही तसंच. ते आठ टक्के झिजलेलं नसतं. ते धड असतं किंवा नसतं, आणि आठ हे माझ्या न कळण्याचं माप असतं. ब्याण्णव टक्के गाड्या नीट चालतात म्हणून बिनघोर होणं आणि आठ टक्के मोडतात म्हणून पाठ फिरवणं, दोन्हींत माणूस आपला निर्णय आकड्याच्या गळ्यात घालून मोकळा होतो. आकडा फार तर एवढंच सांगतो की जा, आणि नीट बघ.

काही जण निर्णय नशिबाच्या गळ्यात घालतात. आमच्याकडे महिन्यातून एकदा गीतेचं सामुदायिक वाचन होतं. तिथे हा विषय निघाला तेव्हा एक काका म्हणाले, “घ्या बिनधास्त. फुटायचं असेल तर फुटेल, नसेल तर नाही.” आणि त्यांनी अठराव्या अध्यायाचा आधार दिला: धुराने जसा अग्नी, तसे सगळेच आरंभ दोषाने वेढलेले असतात. काकांविषयी मला आदर आहे, पण तो आधार इथे लागू पडत नाही. तिथे आपल्या वाट्याला स्वभावतः आलेल्या कर्माविषयी सांगितलं आहे, ते सदोष असलं तरी टाकू नये म्हणून. उघड्या टपाची गाडी माझ्या वाट्याला आलेली नव्हती. तिच्याकडे मी चालत गेले. आपल्या हौसेला गीतेची साक्ष काढणं मला मानवत नाही. मला त्यापेक्षा याज्ञवल्क्य स्मृतीतलं म्हणणं पटतं: एका चाकावर रथ चालत नाही, तसं पुरुषप्रयत्नावाचून दैवही सिद्धीस जात नाही. फुटायचं असेल तर फुटेल असं म्हणण्याचा हक्क माणसाला आपल्या वाटचं चाक फिरवून झाल्यावर मिळतो. त्याआधी तसं म्हणणं हा आळस आहे.

मग मी जुन्या पोर्शे गाड्यांचंच काम करणाऱ्या एका मेकॅनिकला पैसे देऊन गाडी तपासायला सांगितली. त्याने ती रॅम्पवर चढवली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे बोट फिरवलं, बोटाला तेलाची पुसट ओल लागली. मागच्या सीलमधून एवढं पाझरणं या इंजिनात नेहमीचंच, म्हणाला. नंतर त्याने खालून ऑइल फिल्टरचा डबा फिरवून काढला आणि आतला कागदी फिल्टर पांढऱ्या कापडावर ठेवला. फिल्टरच्या घड्या, साडीच्या निऱ्या उलगडाव्यात तशा, एकेक करून दोन्ही अंगठ्यांनी उघडल्या. मी बॅटरी धरून उभी होते. काळ्या तेलात एके ठिकाणी बारीक तपकिरी कण होता. त्याने तो सुईच्या टोकावर घेतला, नखाने दाबला. प्लास्टिक. चेनच्या गाइडचं, वयाने झिजलेलं. दुसऱ्या एका घडीत काहीतरी चमकलं. त्याने त्यावर लोहचुंबक धरलं. कण हलला नाही. पोलाद असतं तर चिकटलं असतं, आणि बेअरिंगचे छर्रे पोलादाचे असतात. शेवटच्या घडीपर्यंत तो असाच बघत गेला, घाई नाही, मध्ये बोलणं नाही. “आज तरी इथे बेअरिंगचं काही दिसत नाही,” म्हणाला. “उद्याचं मी सांगू शकत नाही.” रुग्णांना मी जे सांगते ते यापेक्षा वेगळं नसतं.

पण माझ्या मनात खोलवर गेली ती मेकॅनिकची तपासणी नाही. गाडी विकणारे गृहस्थ.

सत्तरीचे असावेत. मी विचारण्याआधीच त्यांनी मला गॅरेजात बसवलं आणि सांगितलं, बेअरिंग कधीही बदललेलं नाही, क्लचही मूळचाच आहे, गेली काही वर्षं गाडी फार थोडी बाहेर निघाली आणि हे तिच्या तब्येतीला चांगलं नाही. हे शेवटचं त्यांना सांगायची काही गरज नव्हती. कमी चाललेली गाडी म्हटलं की गिऱ्हाईक खूश होतं. या इंजिनच्या बाबतीत जाणकार उलट सांगतात. उभी राहणारी, थोड्याथोडक्या फेऱ्या मारणारी गाडी तेलात ओल धरते, आणि नियमित चालणारी, वेळेवर तेल बदललेली गाडी जास्त टिकते.

इथला कायदाही त्यांना एवढं बोलायला लावत नाही. ब्रिटनमध्ये दुकानदाराकडून घेतलेल्या गाडीला 2015 च्या ग्राहक कायद्याचं संरक्षण आहे. पण खाजगी माणसाने खाजगी माणसाला गाडी विकली तर गाडीबद्दल बोलताना विकणाऱ्याने खोटं बोलू नये, एवढंच बंधन. आपणहून दोष सांगण्याचं बंधन नाही. बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम.

हा वाद फार जुना आहे. सिसेरोने ख्रिस्तपूर्व 44 मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात एक घर विकायला निघालं आहे. घर रोगट आहे, झोपायच्या खोल्यांत साप निघतात, लाकूड किडलं आहे, आणि हे मालकावाचून कुणाला ठाऊक नाही. डायोजिनीझ आणि अँटिपेटर हे दोन स्टोइक तत्त्वज्ञ, गुरू आणि शिष्य, या घरावर आमनेसामने येतात. गुरू म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे, मी खोटं बोललो नाही, घेणाऱ्याला डोळे आहेत. शिष्य म्हणतो, आपल्याला माहीत असूनही चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखं ते पाप आहे, आणि माणसं एकमेकांशी बांधलेली असताना असं मौन धरता येत नाही. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने पडतो.

आपल्याकडे नारदस्मृतीत खरेदी-विक्रीच्या वादांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत, आणि त्यांत दोन्ही बाजूंना बांधलेलं आहे. निर्दोष माल दाखवून सदोष माल देणाऱ्याने दुप्पट किंमत परत करावी आणि तेवढाच दंडही भरावा. घेणाऱ्यानेही आधी स्वतः गुणदोष पारखावेत. पारखून, पसंत करून घेतलेला माल मग विकणाऱ्याच्या माथी परत मारता येत नाही. पारखायला मुदतही दिली आहे: दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात. त्याच यादीत माणसांच्या खरेदीचेही दिवस आहेत, तिथे वाचताना मान खाली जाते. पण बाकीच्या भागाचा न्याय मला आजही सरळ वाटतो. दोष सांगितला गेला आणि पारखून घेतला गेला की तो विकणाऱ्याच्या अंगावरून उतरतो आणि घेणाऱ्याच्या अंगावर चढतो.

माझ्या व्यवसायाला अँटिपेटरच्या बाजूला यायला फार वेळ लागला. रुग्णाला कोणता धोका सांगायचा, कोणता नाही, हे इथे कितीतरी वर्षं डॉक्टरांचा आपसांतला रिवाज ठरवत असे. 2015 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉन्टगोमेरी खटल्यात ते बदललं. मधुमेह असलेल्या एका आईला बाळाचा खांदा अडकण्याचा नऊ-दहा टक्के धोका सांगितला गेला नव्हता, आणि बाळाला कायमची इजा झाली. न्यायालय म्हणालं, त्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगितलाच पाहिजे. एका बाळाचं आयुष्य आणि एका गाडीचं इंजिन यांची बरोबरी मी स्वप्नातही करणार नाही. पण ज्याला माहीत आहे त्याने बोलावं, हे ऋण दोन्हीकडे एकच आहे. जीव असो की पैसा, भोगणाऱ्याला आपलं भोगणं निवडता आलं पाहिजे, आणि न कळता निवडता येत नाही.

कळल्यानंतर पुढे काय, हे मला माझ्या अण्णांनी दाखवलं. आम्ही आटपाडीकडचे. खरसुंडीच्या बाजारात अण्णांनी एक खिलार घेतला, चौसा, पांढराशुभ्र, शिंगं मागे वळलेली. विकणाऱ्या शेतकऱ्याने कासरा हातात देण्याआधी सांगितलं, “बैल गुणाचा हाय, पण पाण्याला बुजतोय. वढा आला की जू टाकतोय.” अण्णांनी तरीही घेतला. आमच्या मळ्याच्या वाटेवर ओढा होता. पुढची सगळी वर्षं ओढा जवळ आला की अण्णा गाडीवरून खाली उतरत, पुढे होत, त्या बैलाच्या वेसणीला हात लावत आणि त्याच्याशी काहीबाही बोलत, गुडघाभर पाण्यातून स्वतः चालत त्याला पलीकडे नेत. थंडीतही. त्या बैलावर त्यांनी ओढ्यात कधी चाबूक उगारला नाही. एकदा मी म्हटलं, “अण्णा, पाण्यात तुम्हीच का उतरता?” तर म्हणाले, “मला ठावं हुतं की.” ठाऊक असताना घेतलेल्या दोषाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार त्यांनी घेताक्षणीच सोडला होता. त्याच्या जागी आलं ते ओढ्यात उतरण्याचं काम.

जाणून घेतलेल्या दोषाचा धर्म मला इतकाच वाटतो, आणि तो सोपा नाही. दोष न कळून गळ्यात पडला तर माणूस रागावू शकतो, भांडू शकतो, न्याय मागू शकतो. कळून घेतला की हे सगळं जातं आणि फक्त काम उरतं. आपल्याला हे काम जन्मभर करायचं आहे की नाही, एवढंच घेण्याआधी विचारायचं. आणि मोडलं तर भुर्दंड कुणाच्या डोक्यावर येणार, हेही. घरात मुलांच्या फीचे पैसे असते तर मी या गाडीकडे बघितलं नसतं. तशी हौस म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास. माझी मुलं कमावती आहेत, घराचं कर्ज फिटलं आहे. ईशोपनिषदाचा पहिला मंत्र भोगाला बंदी करत नाही. आधी सोडायला सांगतो, मग भोगायला. मी ते अगदी शब्दशः घेतलं. इंजिन गेलं तर जेवढा खर्च येईल तेवढ्या रकमेवर घेण्याआधीच पाणी सोडलं. तेवढं मनाने सोडता आलं नसतं, तर गाडी परवडते असं मी म्हटलं नसतं.

गाडी घेतली. त्याच मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवून क्लच बदलला आणि त्याच वेळी जुनं बेअरिंग काढून सिरॅमिकच्या छर्ऱ्यांचं नवीन घातलं. हे काम क्लचबरोबरच करायचं, कारण तिथपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरी एकदाच पडते. काढलेलं बेअरिंग त्याने माझ्या तळहातावर ठेवलं. सील ताठरलं होतं, आतून तेलाचा जळका वास येत होता, पण फिरवलं तर छर्रे अजून गुळगुळीत होते. आणखी किती चाललं असतं ते कुणाला सांगता येणार नाही. नवीन घातलेलंही कायमचं नाही, काही वर्षांनी तेही बदलायला सांगतात. तेल मी कंपनीने सांगितल्यापेक्षा लवकर बदलते, फिल्टर दर वेळी उघडून बघते आणि गाडी हिवाळ्यातही चालवते, कोरडा दिवस मिळाला की टप उघडून. टपाच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायच्या नळ्या आहेत, त्यांत पानं अडकतात, तीही काढते. या कामांत मला आनंद आहे. स्नेक पासवर गाडी चढाला लागते तेव्हा पाठीमागच्या इंजिनचा आवाज थेट मणक्यात येतो, आणि तो आवाज कशावर टेकला आहे ते मला ठाऊक असतं. ते ठाऊक असल्याने आनंद कमी होत नाही. मी त्या आवाजाकडे लक्ष देते, गाणं लावत नाही.

एका बाबतीत मात्र माझं आणि धाकट्या भावाचं अजून जुळलेलं नाही. त्या गृहस्थांनी सगळं सांगितल्यावर मी घासाघीस केली नाही, मागितली ती किंमत दिली. फोनवर हे ऐकून भाऊ उखडला. “आक्का, दोष कळल्यावर भाव पाडायचाच असतो. अण्णांनीबी खरसुंडीत पाडला हुता.” पाडला होता हे खरं आहे. उपरण्याखाली बोटं धरून दोघांनी किंमत ठरवली, आणि पाण्याला बुजण्याचे पैसे त्यात कापले गेले. त्यात गैर काही नव्हतं, दोषाची किंमत असतेच. पण या गृहस्थांनी बेअरिंग बदललेल्या गाड्यांपेक्षा आपल्या गाडीची किंमत आधीच उतरवून सांगितली होती. मी पुन्हा त्याच दोषावर बोट ठेवलं असतं तर एका दोषाचे पैसे त्यांच्याकडून दोनदा घेतले असते, आणि दुसऱ्यांदा घेतलेले पैसे खरं बोलण्याबद्दलचे असते. खरं सांगणाऱ्याला त्याच्या खरेपणासाठी दंड पडू लागला की पुढचा विकणारा डायोजिनीझकडे जातो, आणि त्याला तिकडे पाठवणारे आपण घेणारेच असतो. भाऊ म्हणतो, बाजार असा चालत नाही. तो रोज बाजारात बसतो, डाळिंबं विकतो, आणि पेटीत तळाला काय आहे ते व्यापाऱ्याला सांगितलं की भाव कसा कोसळतो हे त्याने सोसलेलं आहे. त्याचं म्हणणं मी हलक्यावारी घेत नाही. मी त्याला विचारलं, तुझ्या पेटीच्या तळाचं तू सांगतोस ना? म्हणाला, सांगतो, आणि म्हणूनच म्हणतोय.